अहिंसेची वही: रोज वीस मिनिटं, ठरलेल्या क्रमाने

रोजच्या वागण्यात अहिंसा आणायची म्हणून दोन ऑक्टोबरला उत्साहाने सुरू झालेली वही दिवाळीचा फराळ संपेपर्यंत कपाटात जाते. आमच्या शनिवारच्या अभ्यासवर्गात मी हे दरवर्षी बघते, आणि माझ्या पहिल्या दोन वह्यांचंही तेच झालं होतं. अशा बंद पडलेल्या वह्या उघडल्या की आत दोनच गोष्टी सापडतात: सुविचार आणि तक्रारी. ‘सासूबाई असं बोलल्या, साहेब तसं बोलले, तरी मी शांत राहिले.’ लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या हातून काय घडलं, ते शोधून सापडत नाही.

बहुतेकांचा क्रम चुकतो. आधी थोरामोठ्यांची वचनं वाचायची, मग ‘आजपासून चिडायचं नाही’ असा संकल्प सोडायचा, आणि तिसऱ्या दिवशी तो मोडला की शरमेने वही मिटायची. खालचा क्रम वेगळा आहे. आधी मोजणी, मग वाचन, मग नोंद, मग तालीम, आणि समोरच्याशी बोलणं त्याच्याही नंतर. पहिला महिना कंटाळवाणा जातो, हे आधीच सांगून ठेवते.

## सुरू करण्याआधी

वही. साधी शंभर पानी एकेरी. महागडी डायरी आणली की माणूस तिच्यात छान छान लिहू लागतो. मोबाइलवर लिहू नका, कारण तो हातात घेतला की ज्याच्याशी वाजलं त्याचाच मेसेज वर दिसतो.

वेळ. रात्रीची जेवणं आणि आवराआवर झाल्यावर. अंथरुणात बसून लिहिलं तर दुसऱ्या ओळीला डुलकी लागते. त्याच दिवशी भांडण झालं असेल तर मध्ये निदान दोन तास जाऊ द्या. गरम डोक्याने लिहिलेली नोंद म्हणजे भांडणाचा दुसरा अंक असतो.

नातं. एकच निवडा, आणि इथेच सगळ्यात मोठी चूक होते. लोक साहेबाला निवडतात, किंवा सासूबाईंना. साहेबापुढे आपण सगळेच अहिंसक असतो, दुसरा इलाज नसतो! ज्याच्यावर तुमचं चालतं तो माणूस निवडा: मूल, घरकामाच्या मावशी, हाताखालचा सहकारी, म्हातारे वडील, सोसायटीचा वॉचमन. ज्याला उलट बोलणं परवडत नाही त्याच्याशी आपण कसे वागतो, तिथेच हा सराव शिकता येतो.

सावधान: घरात तुम्हालाच मारहाण, धमक्या, पैशांची कोंडी सोसावी लागत असेल तर ही वही तुमच्यासाठी नाही. तिथे ‘माझा वाटा काय’ हा प्रश्न विचारायचा नसतो. महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध २००५ चा कायदा आहे. दाद मागणं ही हिंसा नव्हे. ‘सोसतेय म्हणजे मी अहिंसक आहे’ असं तुम्हाला कुणी शिकवत असेल तर त्याचा हेतू तपासा.

## टप्पा १: सात दिवस फक्त मोजा

पहिला आठवडा काहीही सुधारायचं नाही. वहीच्या एका पानावर पाच रकाने आखा: आवाज चढवला, टोमणा मारला, अबोला धरला, वस्तूंवर राग काढला, समोरच्याला मध्येच तोडलं. रोज रात्री निवडलेल्या माणसापुरत्या रेघा मारा. कारणं लिहू नका.

राग आला हे मोजायचं नाही. राग आल्यावर हाताने, तोंडाने किंवा तोंड फिरवून जे केलं ते मोजायचं. हा फरक कळला नाही की लोक रागालाच अपराध समजतात, तो गिळतात, आणि शुक्रवारी गिळलेला राग रविवारी पोरांवर निघतो.

अबोला वेगळ्या रकान्यात घेतला आहे तो मुद्दाम. गांधीजी सोमवारी मौन पाळत. त्याचा दाखला देऊन आपल्याकडे बरेच जण तीन-तीन दिवस घरात बोलत नाहीत. सोमवारचं मौन सगळ्यांना आधीपासून माहीत असे आणि त्या दिवशी ते चिठ्ठ्या लिहून कामं चालू ठेवत. बायकोला न सांगता धरलेला अबोला ही शिक्षा आहे, आणि तिची मुदतही शिक्षा देणाराच ठरवतो.

तपासा: सात दिवसांची बेरीज पाचाच्या आत आली तर मोजणी चुकली असं समजा. ज्याच्यासाठी मोजताय त्यालाच एक दिवस मोजायला सांगा. माझा मुलगा तेव्हा सहावीत होता. त्या दिवशी माझ्या वहीत चार रेघा होत्या, त्याच्या कागदावर अकरा. ‘किती वेळा सांगायचं’ हा टोमणा असतो हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. मला तो प्रश्न वाटायचा.

## टप्पा २: एक माणूस, एक प्रसंग, एक महिना

आता वाचन. रोज दहा मिनिटं, तीन-चार पानं. महिनाभर एकाच नेत्याचा एकच प्रसंग घ्या. रोज नवा नेता आणि नवं वचन हा प्रकार ताबडतोब थांबवा. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या वचनांचा भरवसाही धरता येत नाही. ‘जगात जो बदल पाहायचा आहे तो स्वतः बना’ हे वाक्य गांधीजींच्या नावावर जगभर चालतं, पण त्यांच्या लेखनात या शब्दांत ते सापडत नाही.

प्रसंग निवडताना विजयाचा घेऊ नका. तयारीचा घ्या, थांबण्याचा घ्या, चुकीचा घ्या. सुरुवातीला मी हे दोन देते.

डर्बन, १८९८. गांधीजींच्या घरी त्यांचे कारकूनही राहत. खोल्यांतून मोरी नव्हती, रात्रीची भांडी सकाळी उचलावी लागत. एका ख्रिस्ती कारकुनाचा जन्म अस्पृश्य मानलेल्या जातीतला होता. त्याचं भांडं जिन्यावरून खाली नेताना कस्तुरबांच्या डोळ्यांत पाणी आलं. गांधीजींना ते भांडं नुसतं उचललं जायला नको होतं, हसत उचललं जायला हवं होतं. ते ओरडले, आणि कस्तुरबांनी ‘मग ठेवा तुमचं घर’ म्हटल्यावर हाताला धरून त्यांना फाटकापर्यंत ओढत नेलं. परक्या मुलखात मी जाऊ कुठे, असं कस्तुरबांनी विचारल्यावर ते भानावर आले. हे सगळं त्यांनी स्वतःच आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे.

हा प्रसंग महिनाभर का वाचायचा? कारण मुद्दा त्यांचा बरोबर होता. अस्पृश्यता चूकच होती. आपल्या घरातली बहुतेक हिंसा अशीच बरोबर मुद्द्याच्या आडून येते: अभ्यास केलाच पाहिजे, औषध वेळेवर घेतलंच पाहिजे, कचरा वेगळा केलाच पाहिजे.

भाटगाम, २९ मार्च १९३०. दांडीयात्रा सुरतेजवळ आली होती. यात्रेचे नियम कडक होते: रोज प्रार्थना, सूतकताई आणि रोजनिशी. पण रात्रीच्या उजेडासाठी आणलेला जड किटसन दिवा एका मजुराच्या डोक्यावर होता आणि त्याला घाईने चालवलं जात होतं. यात्रेकरूंसाठी सुरतेहून मोटारीने दूध-भाजी येत असल्याचंही कळलं. भाटगामच्या भाषणात गांधीजींनी हे सगळ्यांसमोर काढलं. व्हाइसरॉयला त्याच्या पगाराचा जाब विचारणारं पत्र आपण लिहिलं, आणि आपणच गरिबाच्या डोक्यावर ओझं देऊन चालतो, मग जाब विचारण्याचा हक्क कुठे उरला, असा त्यांचा रोख होता. अख्ख्या जगाचं लक्ष मिठाकडे असताना या माणसाचं लक्ष दिवा कुणाच्या डोक्यावर आहे तिकडे होतं.

पुढच्या महिन्यांसाठी आणखी काही प्रसंग. डॉ. आंबेडकरांचा महाड सत्याग्रह घ्या. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचं पाणी प्यायल्यावर, आता हे लोक वीरेश्वराच्या देवळात घुसणार अशी अफवा उठवून परिषदेला आलेल्यांवर काठ्यांनी हल्ला झाला. आपली माणसं चवताळली होती, त्यांना बाबासाहेबांनी आवरलं. त्याच वर्षी डिसेंबरात हजारो लोक पुन्हा तळ्यावर जायच्या तयारीने महाडला आले, पण कोर्टाचा मनाई हुकूम आला. बाबासाहेबांनी लोकांची समजूत घातली, तळ्यावर जाणं तहकूब केलं आणि लढा कोर्टात चालवला. उच्च न्यायालयाचा निकाल १९३७ साली बाजूने लागला. दहा वर्षं! मात्र त्यांना गांधीजींच्या साच्यात बसवू नका. त्यांच्यासाठी सत्याग्रह हे हक्क मिळवायचं साधन होतं आणि गांधीजींशी त्यांचे मतभेद खोल होते. ते मतभेद झाकून वाचलं तर दोघेही कळत नाहीत.

वायव्य सरहद्द प्रांतातले पठाण नेते खान अब्दुल गफारखान यांच्या खुदाई खिदमतगारांची शपथही महिनाभर पुरते. १९२९ साली उभ्या राहिलेल्या या संघटनेत माणूस सूड न घेण्याची शपथ घेई, आणि त्याच शपथेत रोज निदान दोन तास समाजाचं काम करायचंही वचन देई. अहिंसा नुसती ‘न करण्याची’ गोष्ट ठेवली नव्हती.

वाचताना चारच प्रश्न समोर ठेवा:

१. या प्रसंगात त्यांचा हात कुणावर वरचढ होता?
२. आदल्या आठवड्यात त्यांनी काय तयारी केली?
३. कुठे थांबले?
४. चुकल्यावर कुणापुढे आणि कसं कबूल केलं?

सावधान: नेत्याची चूक सापडली की दोन प्रकारचे वाचक बिथरतात. एक म्हणतो, ‘बघा, हेही असलेच.’ दुसरा लगेच वकिली सुरू करतो. दोघांचंही वाचन तिथे संपतं. उत्तरं लिहा आणि पान उलटा.

## टप्पा ३: रोजची नोंद, पाच ओळींत

हा सगळ्याचा कणा आहे, म्हणून जरा सावकाश सांगते. दिवसातला एकच प्रसंग घ्यायचा. ओळींचा क्रम बदलायचा नाही:

१. काय घडलं (वेळ, जागा, बोललेले शब्द. विशेषणं नकोत.)
२. माझ्या अंगात काय झालं
३. माझा वाटा
४. समोरच्याला काय हवं होतं
५. उद्याची एक कृती

माझ्या जुन्या वहीतली नोंद अशी होती: ‘मावशी आज पुन्हा उशिरा आल्या. फार राग आला, पण काही बोलले नाही. अहिंसा पाळली.’

तोच प्रसंग पाच ओळींत लिहिला तेव्हा असा झाला:

‘मंगळवार. मावशी ७ ऐवजी ७.५० ला आल्या. मी बोलले काही नाही, पण कुकर ओट्यावर आपटला आणि चहा विचारला नाही. एरवी रोज विचारते.
कानशिलं तापलेली, जबडा आवळलेला.
लोकल चुकेल ही भीती होती, ती त्यांच्यावर काढली.
त्यांना काय हवं होतं? माहीत नाही. विचारलंच नाही.
उद्या आधी चहा. मग विचारायचं, उशीर का होतो.’

चौथ्या ओळीतलं ‘माहीत नाही’ मला लिहिताना फार जड गेलं. चार वर्षं त्या आमच्याकडे येत होत्या. दुसऱ्या दिवशी विचारल्यावर कळलं की त्यांच्या वस्तीत पाण्याची वेळ बदलली होती. नळ साडेपाचऐवजी साडेसहाला येत होता, आणि पाणी भरल्याशिवाय त्यांना निघता येत नव्हतं. मग आम्ही वेळ साडेसात ठरवली आणि डब्याची भाजी मी रात्रीच चिरून ठेवू लागले. एवढंच होतं ते. कुकरची शिट्टी मात्र त्या दिवसापासून वाकडी आहे.

या टप्प्यातल्या नेहमीच्या चुका अशा:

पहिल्या ओळीत ‘उद्धटपणे’, ‘मुद्दाम’, ‘नेहमीप्रमाणे’ असे शब्द शिरतात. ते खोडा. ‘मुद्दाम’ हा शब्द आपल्याला दिसत नाही, आपण तो ठरवतो. खोडल्यावर वाक्य उरत नसेल तर त्या ओळीत घटना नव्हतीच, नुसतं मत होतं.

तिसऱ्या ओळीत लोक एक तर काहीच लिहीत नाहीत किंवा सगळंच अंगावर घेतात. ‘मीच वाईट, माझ्यामुळेच सगळं होतं’ हे लिहायला सोपं असतं, कारण त्यातून उद्या करण्यासारखं काही निघत नाही. वाटा म्हणजे नेमकी एक गोष्ट: एक शब्द, एक आवाज, एक न विचारलेला चहा.

पाचवी ओळ ‘उद्या शांत राहीन’ अशी असेल तर ती फुकट गेली. न करण्याचा निश्चय कृती होत नाही. दुसऱ्याला बाहेरून दिसेल असं काहीतरी लिहा.

तपासा: ही नोंद समोरच्याने वाचली तर पहिल्या ओळीवर तो ‘हो, असंच झालं’ म्हणेल का? नाही म्हणणार असेल तर पहिली ओळ पुन्हा लिहा. बाकीच्या चार नंतर बघू.

## टप्पा ४: तालीम

तीन आठवड्यांनी वहीत एक प्रसंग पुन्हा पुन्हा येऊ लागतो. कुणाचा गणिताचा अभ्यास, कुणाचं गोळ्या घ्यायला टाळाटाळ करणं. त्याची तालीम करायची, मोठ्याने, उभं राहून. इथे लोक लाजतात आणि टप्पा गाळतात. मग ऐन वेळी जुनंच वाक्य तोंडातून बाहेर पडतं, कारण जिभेला तेवढंच पाठ असतं.

ही पद्धत ज्यांच्याकडून शिकावी त्या जेम्स लॉसन यांचा नागपूरशी संबंध आहे. अमेरिकेत सक्तीच्या लष्करभरतीला नकार दिल्याबद्दल तुरुंगवास भोगून हा तरुण १९५३ साली नागपूरला हिस्लॉप कॉलेजात आला. इथल्या तीन वर्षांत त्याने सत्याग्रहाचा अभ्यास केला. परत गेल्यावर नॅशव्हिल शहरात, जिथे दुकानांतल्या जेवणाच्या काउंटरवर कृष्णवर्णीयांना वाढत नसत, त्याने कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या कार्यशाळा घेतल्या. त्यात काही विद्यार्थी दुकानातल्या जेवणाच्या टेबलाशी बसत, बाकीचे गोऱ्या गुंडांचं सोंग घेऊन त्यांना शिव्या देत, खुर्चीवरून ओढत, तोंडावर सिगारेटचा धूर सोडत. मग अदलाबदल. फेब्रुवारी १९६० मध्ये ही मुलं खरोखर दुकानांत जाऊन बसली तेव्हा त्यांच्यासाठी ठरलेले नियम अगदी साधे होते: उलट मारायचं नाही, शिवी द्यायची नाही, ताठ बसायचं, तोंड काउंटरकडे ठेवायचं. मे महिन्यात शहरातल्या काही दुकानांनी त्यांना वाढायला सुरुवात केली.

‘शांत राहा’ असा नियम त्यांत नव्हता. शरीराने काय करायचं ते सांगितलं होतं. तुमचे नियमही तसेच हवेत. आमच्या वर्गातल्या एका आजोबांनी नातवाच्या अभ्यासासाठी केलेले तीन: खुर्ची शेजारी लावायची, समोर नाही, पेन हातात घ्यायचं नाही, उत्तर चुकलं की आधी ‘कसं काढलंस?’ विचारायचं.

तालमीला घरातलंच कुणी तरी समोरच्याची भूमिका घेऊ दे. दहा मिनिटं पुरतात. मग भूमिका बदला, ही बदली टाळू नका. वर्गात एका बाईंनी स्वतःच्याच सुनेची भूमिका केली आणि समोरून त्यांचंच नेहमीचं वाक्य त्यांना ऐकू आलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘हे इतकं लागतं होय?’

सावधान: तालमीत हसू येतं, येऊ द्या. पण नक्कल करून समोरच्याची टिंगल सुरू झाली की तालीम तिथेच थांबवा.

## टप्पा ५: बोलायचा क्रम

काही गोष्टी वहीत मिटत नाहीत, बोलाव्याच लागतात. अन्याय असेल तर तो सांगणं हा अहिंसेचाच भाग आहे. घोळ होतो तो पायऱ्या गाळल्याने. क्रम असा: आधी माहिती गोळा करा, मग एकट्याला गाठून बोला, मग पुढे काय करणार त्याची स्पष्ट सूचना द्या, आणि मग ते करा.

हा क्रम मी स्वतः मोडला आहे. इमारतीत पाण्याच्या टाकीच्या झडपेजवळ कुणीतरी स्कूटर लावायचं. मी फोटो काढला आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, खाली ‘काही लोकांना स्वतःपुरतंच दिसतं’ अशी ओळ. अकराजणांनी अंगठे दिले. स्कूटर ज्या कुटुंबाची होती त्यांच्या घरी आजारी माणूस होतं आणि रात्री-अपरात्री औषधासाठी जावं लागे. पुढे आठ महिने ते कुटुंब माझ्याशी जिन्यात बोललं नाही, आणि झडप होती तिथेच अडलेली राहिली. माहिती नाही, भेट नाही, थेट चव्हाट्यावर!

आता दांडीचीच गोष्ट या अंगाने पाहा. २ मार्च १९३० ला गांधीजींनी व्हाइसरॉय आयर्विनना पत्र लिहिलं. त्यात तक्रारी होत्या, आकडे होते, एकाही इंग्रजाला इजा करायची नाही हे स्पष्ट होतं, आणि मागण्यांवर काही झालं नाही तर आपण काय करणार आणि कधी, हेही होतं. पत्र घेऊन जायला त्यांनी मुद्दाम एक इंग्रज तरुण निवडला, रेजिनाल्ड रेनॉल्ड्स. भांडण इंग्रज माणसांशी नाही हे त्यातून आपोआप सांगितलं गेलं. यात्रा त्यानंतर, १२ मार्चला निघाली.

घरगुती पातळीवर याचा अर्थ इतकाच, की समोरच्याला तुमचं पुढचं पाऊल आधी कळलं पाहिजे. ‘येत्या रविवारपर्यंत झडपेजवळची जागा मोकळी झाली नाही तर मी सेक्रेटरींना लेखी कळवेन, आणि कळवण्याआधी तुम्हाला दाखवेन.’ ही धमकी वाटते का? ज्याची तारीख, कृती आणि कागद समोरच्याला आधी दिसतो, त्यावर त्याला विचार करायला वेळ मिळतो. धमकीत तो मिळत नाही.

सावधान, उपासाबद्दल: साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपूरचं विठ्ठल मंदिर सगळ्यांना खुलं व्हावं म्हणून उपोषण केलं, हे सगळ्यांना आठवतं. त्याआधी महिनोन्‌महिने ते गावोगाव फिरून लोकांशी बोलत होते, ते मात्र कुणी सांगत नाही. घरात ‘मी जेवणार नाही जा’ हा रुसवा आहे, त्याला उपोषण म्हणू नका. राजकोटच्या संस्थानिकाने शब्द मोडला म्हणून १९३९ साली केलेल्या उपवासाबद्दल खुद्द गांधीजींनी नंतर कबूल केलं की त्यात हिंसा शिरली होती, कारण उपवास चालू असतानाच त्यांनी व्हाइसरॉयला मध्ये पडायला सांगितलं. त्या वादाचा निवाडा बाजूने लागला होता, तरी त्याचा फायदा त्यांनी सोडून दिला. या सरावात उपास अजिबात नको.

## टप्पा ६: माफी मागण्याची रीत

चूक होणारच. माफीचे तीन भाग: मी काय केलं, त्याने तुला काय झालं, पुढे मी काय करेन. ‘पण’ आला की माफी रद्द. ‘तुला वाईट वाटलं असेल तर’ हेही नको, कारण त्यात दोष ज्याला लागलं त्याच्यावर जातो.

चारचौघांत बोललात तर माफीही चारचौघांत. पाहुण्यांसमोर मुलाला ‘ढ’ म्हणायचं आणि रात्री अंधारात पाठीवरून हात फिरवायचा, याने हिशेब पुरा होत नाही. ग्रुपवर फोटो टाकला होता, म्हणून माफीही मी ग्रुपवर लिहिली, तीन ओळींत. स्कूटरवाल्या काकांनी काही उत्तर दिलं नाही. उत्तराची अपेक्षा ठेवायची नसते. माफी मागून वर ‘आता तरी हस ना’ म्हणणं म्हणजे आणखी एक वसुली.

मोठ्यांच्या कबुलीत एक गोष्ट पाहण्यासारखी आहे: कबुलीच्या पाठोपाठ काहीतरी थांबलं. १९१९ साली लोकांची तयारी नसताना कायदेभंग सुरू केला ही आपली हिमालयाएवढी चूक होती, असं गांधीजी म्हणाले आणि त्यांनी तो कायदेभंग थांबवला. फेब्रुवारी १९२२ मध्ये चौरीचौऱ्याला जमावाने पोलीस ठाणं पेटवून बावीस पोलिसांना मारलं, तेव्हा बार्डोलीत असहकाराचं आंदोलन मागे घेतलं गेलं आणि त्यांनी पाच दिवस उपवास केला. बरोबरचे कित्येक नेते त्या निर्णयावर नाराज होते, आणि तो बरोबर होता का यावर आजही वाद घालता येतो. आपल्यापुरतं त्यातून घ्यायचं ते इतकंच, की माफीनंतर दुसऱ्या दिवशी वागण्यातली एक तरी गोष्ट बंद झालेली दिसली पाहिजे.

तपासा: एकाच गोष्टीची तिसऱ्यांदा माफी मागताय? मग माफी थांबवा आणि टप्पा ४ कडे परत जा.

## टप्पा ७: रविवारची बेरीज

रविवारी नवीन नोंद लिहू नका. आठवड्याच्या पाचव्या ओळी वाचा आणि केलेल्या कृतींपुढे खूण करा. सहातल्या तीन झाल्या तर आठवडा चांगला गेला. महिन्यातून एकदा टप्पा १ ची मोजणी पुन्हा एक दिवस करा, आणि मोजायला समोरच्याला बसवा.

रेघा कमी झाल्या म्हणून लगेच दुसरं नातं घेऊ नका. निदान तीन महिने तेच. आणि घरात कुणाला ‘तू पण वही लिही, तुला गरज आहे’ असं म्हणालात, तर ती रेघ टोमण्याच्या रकान्यात मारा.

## खंड पडला तर

लग्नसराई, परीक्षा, आजारपण, मार्चअखेर, यांत दहा-पंधरा दिवस सहज जातात. मागच्या तारखा आठवून आठवून भरत बसू नका. पंधरा दिवसांनी आठवलेल्या भांडणात आपण नेहमीच जिंकलेले असतो. सुटलेल्या दिवसांसाठी एक आडवी रेघ मारा, खाली आजची तारीख टाका आणि पहिली ओळ लिहा: किती वाजता, कुठे, कोण काय म्हणालं.